दारातले बूट मोजून बंद ठरवलेल्या निवाऱ्याबाबत

दिनांक : १९ फेब्रुवारी

प्रति,
मा. विभागप्रमुख,
समाजकल्याण विभाग,
मिझुसाकी वॉर्ड कार्यालय, ओसाका

विषय : 'हिदामारी' दिवसनिवाऱ्यात माणसे येतात, हे मान्य करून मिळणेबाबत.
संदर्भ : निवारा १ मार्चपासून बंद करण्याची आपली नोटीस.

महोदय,

आधी आपण डोळे मिटून अशी कल्पना करावी, की आपल्याला घर नाही. (अडतीस वर्षे दुसरीचा वर्ग शिकवल्यामुळे मला असेच सुरू करता येते, क्षमस्व.) या थंडीत रात्री निजलेला माणूस सकाळी उठेलच असे नाही, म्हणून आपण पुलापासून स्टेशनपर्यंत आणि परत, असे रात्रभर चालत राहिलात. सकाळी नऊला आमचे दार उघडते. आत तातामीची चटई, बार्लीचा गरम चहा आणि पाच वाजेपर्यंत झोप. आता डोळे उघडावेत.

१. आपल्या नोटिशीत आमची रोजची उपस्थिती 'शून्य' दाखवली आहे. प्रत्यक्षात रोज अठ्ठावीस-तीस पुरुष येतात. आपले तपासनीस श्री. शिनोहारा अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत. झोपलेल्यांना त्रास नको म्हणून ते आत येत नाहीत. दारातल्या कप्प्यांतले बूट मोजतात आणि परत जातात. पहिल्या तपासणीच्या दिवशी कप्प्यांत एकच जोड होता. तो माझा. मी कर्मचारी असल्याने वजा झाले.

२. आमचे लोक बूट दारात ठेवत नाहीत. काढतात, पिशवीत घालतात आणि उशाशी घेऊन झोपतात. पहाटे मजूरअड्ड्यावर मुकादम आधी पायांकडे बघतो. बूट नाहीत, तर काम नाही. मी समजावून पाहिले. त्यावर बांधकामावर आयुष्य घालवलेले श्री. तोकुनागा म्हणाले, "बाई, कवळी काढून ठेव म्हणालात तर ठेवतो. बूट नाही."

३. मी श्री. शिनोहारा यांना माणसे मोजण्याची विनंती केली. ते म्हणाले, "बाई, नमुन्यात रकाना बुटांचा आहे हो. मी तरी काय करू?" हे ऐकून तोकुनागा पांघरुणातून म्हणाले, "साहेब, मी इथे नाहीच, तर मघापासून घोरतंय कोण?" श्री. शिनोहारा यांनी कमरेत वाकून क्षमा मागितली आणि शून्य कायम ठेवले.

४. नियम पाळावा म्हणून मी गल्लीतल्या महिला मंडळाकडून जुने बूट मागवून कप्पे भरले. ही माझी चूक मला कबूल आहे. मंडळाने उत्साहाने चौसष्ट जोड दिले. दुसऱ्या तपासणीचा अहवाल असा : क्षमता तीस, उपस्थिती चौसष्ट, पुरुषांच्या निवाऱ्यात अकरा स्त्रिया व चार बालके, सबब गर्दी धोकादायक. म्हणजे आता हा निवारा कोणीच येत नाही म्हणून आणि फार लोक येतात म्हणून, दोन्ही कारणांनी एकाच तारखेला बंद होणार आहे.

५. आमच्याकडील श्री. योनेदा एकाहत्तर वर्षांचे आहेत. मागच्या हिवाळ्यात गारठ्याने त्यांच्या पायाची दोन बोटे गेली. १ मार्चपासून त्यांनी कुठे झोपावे, याबद्दल नोटिशीत लिहिले आहे : 'उपस्थिती नसल्याने पर्यायी व्यवस्थेची आवश्यकता नाही.' तरी आपण स्वतः यावे, आत यावे आणि माणसे मोजावीत, एवढीच मागणी आहे. चहा देऊ.

६. हे अवघड काम नाही, म्हणून परवाची हकीकत कळवते. तिसऱ्या तपासणीच्या वेळी जवळच्या शाळेतली दुसरीची मुले परिसर पाहायला आली होती. मंडळाचे बूट मी परत केले होते. कप्प्यांत अठरा मुलांचे आणि त्यांच्या शिक्षिकेचे, असे एकोणीस जोड झाले. अखेर क्षमतेत बसणारा आकडा मिळाल्याने श्री. शिनोहारा यांनी तो समाधानाने लिहिला. तेवढ्यात कोतोहा नावाच्या मुलीने योनेदांना विचारले, "आजोबा, पिशवी एवढी घट्ट का धरलीय? मांजर आहे का आत?"

ते म्हणाले, "मांजर गेलं तर परत येतं गं बाळ. हे बूट आहेत."

ती थोडा वेळ त्यांच्या पायांकडे बघत राहिली. मग दाराशी गेली आणि कप्प्यातून आपले बूट काढून आणले. श्री. शिनोहारा यांनी एकोणीस खोडून अठरा केले. ती मात्र बूट पोटाशी धरून योनेदांच्या शेजारी चटईवर आडवी झाली आणि तिने डोळे मिटले.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,
कुवाबारा सेत्सुको
(निवृत्त शिक्षिका, 'हिदामारी' निवाऱ्याची व्यवस्थापक)