बखीतची उंटीण

शम्साचे बाबा,

पोरीला घेऊन मी थुमरेतच्या पोलीस ठाण्यात चाललेय. मोकाट उंटीण गाडीला आडवी आली आणि शम्साचा पाय मोडला, तेव्हा तुमचा भाऊ पोलिसांसमोर छातीवर हात ठेवून म्हणाला, "ही माझी नव्हेच." मालकच नाही म्हटल्यावर जबाबदार कोण? तुम्हाला सगळं माहीत होतं, तरी खाली मान घालून बसलात. त्याच अपघातात लंगड्या झालेल्या उंटिणीला मीच सांभाळलं.

आज सकाळी ती व्याली आणि दुपारी बखीत दारात हजर! "वहिनी, जनावर माझं आहे. पिल्लासकट नेतो." मी त्याला कहवा दिला, खजूर दिले, शेजारच्या दोघांना बोलावलं आणि म्हटलं, "भाऊजी, परत सांगा ना, नीट ऐकू आलं नाही." त्याने मोठ्याने सांगितलं, वर अल्लाची शपथ घेतली. ते दोघे साक्षीला माझ्याबरोबर येताहेत.

गोठ्याला कुलूप आहे, किल्ली मी नेतेय. भात झाकून ठेवलाय. ठाण्यात आलात तर लेकीजवळ बसा. भावाजवळच बसायचं असेल, तर यापुढे जेवायलाही त्याच्याकडेच जा.

तुफूल