रेकॉर्डींची मांडणी, मोजून बारा इंच

३ एप्रिल १९८६, लातूर
आज ठरलं. रेकॉर्डी पलंगाखाली ठेवणं बंद. दोन प्लेअर, अँप्लिफायर, माईक आणि चारशे दहा रेकॉर्डी, सगळ्यांना मिळून एकच मांडणी, भिंतभर. आपल्या साउंड सर्व्हिसला आता लग्नं-बारशी पुरत नाहीत. लातूर जिल्हा झाल्यापासून बदलीवर साहेब लोक लई आले. त्यांचा क्लब उघडणार आहे, तिथं कायमचा म्युझिकवाला पाहिजे. एक इंजिनिअर साहेब वीस तारखेला घरी येऊन सामान बघणार. डिझाईन मीच काढायलो. ड्रॉइंग बघूनच साहेब गार होईल.

६ एप्रिल
सटवाजी सुतार बराच वेळ ड्रॉइंग उलटं धरून बघत होता. मग म्हणाला, मधी एक पाय द्या, एवढ्या वजनानं फळी झोल खाईल. नको म्हणालो. पायानं लुक जातो. त्याला लुक माहीत नाही.

८ एप्रिल, रात्री ९
सहा दिवसांनी कोपऱ्यावरच्या नळाला पाणी आलं, नेमकं मी माप घेताना. सिंधुनं दोनदा हाक मारली. अर्ध्या इंचाचा प्रश्न आहे म्हणून कळवलं. एकटीनंच भरलं तिनं. दिवसभर बोलली नाही. माझं लक्ष मोडू नये म्हणून असावं. चांगली बायको आहे.

११ एप्रिल
मांडणी तयार. रेकॉर्ड बारा इंची, म्हणून कप्पा मोजून बारा इंच. कव्हरसकट रेकॉर्ड आत जात नाही. बिनकव्हरची जाते, जरा दाबून. सटवाजी म्हणाला, बारा तुमीच सांगितलं. बरोबरच सांगितलं होतं. चूक कव्हरवाल्यांची. कव्हरं पलंगाखाली. रेकॉर्डींना हवा लागेल.

१४ एप्रिल
जयंती. वस्तीतल्या कार्यक्रमाला साउंड आपला. घाईत कप्प्यातून ओढल्या, तर सगळ्या सारख्याच काळ्या. प्रमुख पाहुणे भाषणाला उठले आणि स्वागतगीताऐवजी अंगाई लागली. पाहुणे परत बसले. मांडव हसला, म्हणजे रंगत आली. मंडळाच्या अध्यक्ष तारामतीबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष बुक.

१७ एप्रिल, दुपार
ऊन बेचाळीस. भिंत पश्चिमेची, वर पत्रे. मधली फळी झोल खाल्ली, रेकॉर्डी एकमेकींवर कलंडल्या आणि वाकल्या. सुई टेकवली की गाणारी बाई बैलगाडीत बसल्यासारखी गाते. उपाय सोपा आहे. रेकॉर्डी सपाट ठेवायच्या, वर भरलेले दोन हंडे. सिंधुला मागितले.
“हंडे देते. पानी तुमी आना,” म्हणाली.


२० एप्रिल, संध्याकाळी ५.३०
साहेब आले. चार मिनिटं थांबले. मांडणीवर बोट फिरवून टेप कुठाय विचारलं आणि खिशातून कॅसेट काढली. क्लबात सगळं कॅसेटवरच चालणार म्हणे. मी ड्रॉइंग उलगडेपर्यंत जीप सुरू झाली. सिंधुनं दिलेलं पाणी अर्धा ग्लास टाकून गेले. उरलेलं तिनं भांड्यांच्या बादलीत ओतलं. माझ्याकडं बघितलं नाही.
कॅसेट दोन-चार वर्षांची फॅशन आहे.

२२ एप्रिल
नळ आला. रेकॉर्डी दाबायला पाणी पाहिजे, म्हणून मीच गेलो. रांगेत एकटाच पुरुष. पुढं घुसायला बघितलं तर पुढच्या सरजाबाईनं घागर आडवी लावली. शेवटी सहा घागरी भरल्या, त्यातल्या दोन वाटेत सांडल्या. खांदा धरला. उरलेल्या रेकॉर्डींवर ठेवायची हिंमत झाली नाही, सरळ स्वयंपाकघरात नेल्या.
सिंधुनं पाठीला तेल लावलं. सहज विचारलं, तू किती आणतेस?
“पानी आलं की चौदा.”
हे मला माहीत नव्हतं.