थँक यू फॉर युअर कन्सर्न

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यानंतर आज पहिल्यांदा ऑफिसच्या कॉलवर बसले. तिथे जे झालं, त्यातली अडचण तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही. म्हणून लिहिते आहे.

कॉल सुरू होताना टीममधल्या नीनाने विचारलं, "हाउज युअर डॅड नाऊ?" तुम्ही दवाखान्यात आहात, एवढंच तिला ठाऊक होतं. रजेच्या मेलमध्ये मी 'फॅमिली रीझन्स' लिहिलं होतं.

काय म्हणायचं? 'डाइड' जिभेवर येईना. 'पास्ड अवे' मी आजवर इतरांच्या वडिलांबद्दल वापरलेला शब्द. शेवटी तुमच्याच पद्धतीचं वाक्य आलं, "ही इज नो मोअर." ती म्हणाली, "ओह नो. आर यू ओके? कॉल मी, एनीटाइम." मी म्हणाले, "थँक यू फॉर युअर कन्सर्न."

नीनाने आपला माइक बंद केला. मग मॅनेजरने पुढचा विषय घेतला आणि मी सॉफ्टवेअरमधले दोष न अडखळता सांगितले.

शाळेतून निवृत्त झालात तरी तुमच्यातला इंग्रजीचा मास्तर काही निवृत्त झाला नाही. संध्याकाळी कॅनॉलवर फिरायला निघालो की मराठी बंद. तुमच्या इंग्रजीत कुणी काही 'बाय' करत नसे, 'पर्चेस' करी. उसाला पाणी देणारे किसनमामा एकदा म्हणाले, "सर, पोरीला रागावताय व्हय?"

"न्हाई रे, गप्पा मारतोय."

"मंग हसत मारा की. लई भ्या वाटतं ऐकून."

मी तुम्हाला सांगायची, "अण्णा, हल्ली 'काइंडली' कुणी म्हणत नाही. 'कॅन यू' म्हणतात." तुमचा प्रश्न ठरलेला, "मग विनंती केली हे समोरच्याला कळतं कसं?"

मला नोकरी लागली तेव्हा घरात तुम्ही फक्त "बरंय" म्हणालात. कॅनॉलवर पोचल्यावर मात्र, समोर बघत, "आय ॲम इमेन्सली प्राउड ऑफ यू." मराठीत हे बोलायची आपल्याकडे पद्धतच नव्हती. त्या कडक इस्त्रीच्या शब्दांत आपली सगळी माया चालायची. ते शब्द दुसऱ्याला दार लावल्यासारखे ऐकू येतात, हे मला आज कळलं.

आता त्या इंग्रजीत माझ्याशी बोलणारं गावात कुणी नाही. ऑफिसातल्या इंग्रजीत मी कामापुरतीच आहे. आणि आईसमोर मी रडत नाही, म्हणून तीही रडत नाही.

आभार, विनंती, दिलगिरी, सगळं तुम्ही शिकवलंत. एकटं वाटतंय हे साध्या शब्दांत कसं सांगायचं, ते का नाही शिकवलंत? की तुम्हालाही ते येत नव्हतं?

उद्या काम आटोपलं की मी नीनाला फोन करीन. वाक्य आधी जुळवून ठेवणार नाही. बरी आहेस का, असं तिने पुन्हा विचारलं तर "नो" म्हणेन आणि फोन ठेवणार नाही. एवढं नक्की करीन, अण्णा.

तुमची,
मेधा