वाढव

२ नोव्हेंबर १९८७, सोमवार
पोचलो एकदाचे इंदूरला! अन्नपूर्णेच्या देवळाजवळ दोन खोल्या मिळाल्या, चांगल्या हवेशीर. शशिकला जाम खूश. लग्नाला जेमतेम चार महिने झालेत, अजून हिरव्या चुड्याने हात भरलेत. भांडी घासली तरी घरभर किणकिण. सकाळी पोहे खाल्ले, वर मूठभर शेव आणि सोबत जिलबी. पुण्यात असं खाल्लं तर लोक वैद्याकडे नेतील. पण झकास होतं, कबूल.

३ नोव्हेंबर
कचेरीत एक मोठा कॉम्प्युटर, त्याला जोडलेली वीस टर्मिनल्स आणि त्यांच्यापुढे वीस नग. साहेब जयसिंगराव. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे पाच मिनिटांत कळलं. साहेबांना स्वतःला काय येतं ते अजून कळायचंय. मराठी तर काय सांगावी! म्हणे, विंडो छोटी होऊन राहिली भिया, जरा देखून घ्या. होऊन राहिली! आणि भय्याचा भिया! कान धुवावेसे वाटले.

भानगड एवढीशी. मजकूर लिहायचा एडिटर टर्मिनलला विचारतो, तुझ्या पडद्यावर ओळी किती? चोवीस असताना कधी कधी तेवीसच धरतो, मग खिडकी लहान, खालची ओळ गायब. हा एडिटर इथल्याच श्रीकृष्ण नावाच्या माणसाने लिहिलेला. तो नवरात्रात वारला आणि त्याच्या खुर्चीत मी आलो. प्रोग्रामच्या तुकड्यांना नावं काय दिलीत, तर खिडकी, ओळ, वाढव! हसून हसून पोट दुखलं. जयसिंगराव म्हणाले, श्रीकृष्णजी 'वाढव'ला कुणाला हात लावू देत नसत. नसेल देत. आपली घाण दुसऱ्याने पाहावी असं कुणाला वाटतं?

४ नोव्हेंबर
तासाभरात काम फत्ते. प्रोग्रामच्या शेवटी एक ओळ घातली: एडिटर उघडताना खिडकी चोवीसपेक्षा लहान दिसली, तर 'वाढव'ला बोलवायचं. शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. वीसही टर्मिनल्सना लागू केलं.

घरी शशिकला हिरमुसलेली. म्हणाली, बांगडी वाढली. अगं, काच फुटली तर फुटली म्हणावं! वाढली काय? शिकलेली बाई ना तू? तीनदा 'फुटली' म्हणायला लावलं. रडली. बायकांचं आपलं काहीतरीच.

६ नोव्हेंबर
ओळी सतरा. सगळीकडे. माझी दुरुस्ती चोख आहे, ही माणसंच कीबोर्ड बडवतात. नाचता येईना अंगण वाकडं. घरीही रोज बांगड्या फुटताहेत. नळावर आपटत असेल, धांदरट.

९ नोव्हेंबर
काच टिकत नाही तर सोन्याच्या घेऊ म्हणून संध्याकाळी राजवाड्यावरून चालत सराफ्यात गेलो. उशीर झाला. सराफ फळ्या लावत होता, बाहेर खाण्याच्या गाड्या लागत होत्या. म्हणाला, दुकान वाढवलं भिया, उद्या या. दोन हात रुंदीचं दुकान, वाढवणार कुठे, असं मी म्हणणार तोच शशिकलाची 'वाढलेली' बांगडी आठवली.

वाढवणं म्हणजे बंद करणं. श्रीकृष्णाने ते नाव खिडकी एकेक ओळ करून मिटायला ठेवलं होतं. आणि मी सांगून बसलोय, लहान दिसली की वाढव. कुणीही एडिटर उघडला की ती मिटू लागते, आणखी लहान होते.

आज पडद्यावर नऊ ओळी होत्या. घरी येऊन मोजल्या. शशिकलाच्या हातात नऊ बांगड्या.

बाईच्या हातातल्या सगळ्या बांगड्या कधी वाढवतात, ते मला ठाऊक आहे. मला भीती वाटतेय.

१० नोव्हेंबर
एडिटर बंद ठेवा म्हणून साहेबांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. काय सांगू? बायकोच्या बांगड्या? ह्या येड्यांपुढे? साहेब म्हणाले, तुम्हीच तर ठीक केला ना भिया! दिवसभर उघडत होते सगळे. पाच ओळी —

११ नोव्हेंबर
शशिकलाने उरलेल्या बांगड्या काढून कापसात ठेवल्या. डब्यातल्या डब्यात तडा. नव्या भरायला गेली, तर मनगटावर चढेपर्यंत चुरा — जुन्यांतल्या दोन उरल्या, त्याच परत घातल्या. ओळीही दोन.

१२ नोव्हेंबर
साहेबांना खोटंच सांगितलं, मशीन तपासतोय, कुणी बसू नका. एकटा बसलो. माझी ती ओळ पुसायची तर एडिटर उघडायलाच हवा. उघडला. एक गेली. उरलेल्या एका ओळीत नेमकी माझीच — पुसली. हुश्श.

पण बाहेर कसं पडू? बाहेर पडायलाही 'वाढव'. त्या मेल्याने मिटायला दुसरा शब्दच ठेवला नाही. अडाणी — अडाणी लेकाचा —

बसून राहतो. कुणी हात लावायचा नाही. शशिकलाच्या हातात एकच —

सहा वाजले. जयसिंगराव दारात. किल्ल्या. मेन स्विचकडे हात. हसताहेत. म्हणताहेत, चला भिया, ऑफिस वाढवू या आता —

नका — साहेब, बंद म्हणा — पाया पडतो, बंद करू म्हणा — बंद म्ह