भोंगा का वाजला नाही

४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि. नमस्कार नेहमीसारखा साष्टांग आहे, विनंती मात्र भांडणाची आहे. तेव्हा पाठीशी उशी नीट घ्या आणि मगच पुढे वाचा.

आधी घरचं. आई बरी आहे. घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला तीन महिने एक शब्दही बोलू नका असं बजावलंय, हे ऐकून ती म्हणाली की हे औषध तुम्हाला लहानपणीच द्यायला हवं होतं. टेकडीवरच्या त्या आरोग्यधामात गारठा असेल म्हणून ती मफलर विणायला बसलीय.

आता मुद्दा. आपल्या मालिकेचा तुम्ही लिहिलेला शेवटचा भाग परवा रेडिओ केंद्रावर पोचला. अकरा वर्षं, दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहा वाजता, लोक बंधाऱ्याच्या रखवालदाराची गोष्ट ऐकतायत. पहिल्याच भागात पूर येतो, बंधाऱ्याचे दरवाजे उघडतात, पण खालच्या वस्तीला सावध करणारा भोंगा वाजत नाही आणि नावाडी बुडतो. त्याच्या पोरक्या मुलीला रखवालदार पोटच्या पोरीसारखी वाढवतो. भोंगा का वाजला नाही, हे ती तेव्हापासून विचारत आलीय. आणि शेवटच्या भागात तुम्ही काय केलंत, तर बंधाराच फोडलात. रखवालदार गेला, मुलगी गेली, वस्ती गेली. मामा, प्रश्न सुटला नाही, बुडाला.

सात वर्षं या मालिकेतलं पाणी मी वाजवते. पत्र्याच्या टबात कोपरापर्यंत हात बुडवून मी नदी केलीय, ओलं चामडं पिळून नावेची करकर केलीय. पण हा बंधारा मी फोडणार नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. केंद्रप्रमुखांनी आवाज चढवला नाही. रेकॉर्डिंग तीस तारखेला आहे, तोवर दुसरं लिखाण आलं तर बघू, नाहीतर हेच होईल आणि पाण्याचा आवाज तयार तबकडीवरून घेऊ, असं म्हणाले. दुपारी माझ्या हातात मेमो आला. आईला सांगितलेलं नाही, तुम्हीही लिहू नका.

शेवट बदला. लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची,
भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातले दोन मेमोसाठी वेगळे काढून ठेव.

इथे माझ्या शेजारच्या खाटेवर एक शिंपीकाका आहेत. मी बोलू शकत नाही हे कळल्यापासून ते दोघांच्या वाटचं बोलतात. सिस्टर कडक आहे. पाटीवर जास्त लिहिलं तरी रागावते, म्हणते हेही बोलणंच झालं.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. अगं, लांब गोष्टीचा शेवट कधी कुणाला आवडलाय का? कसाही केला तरी लोक नाक मुरडणारच. मग धडाक्यात संपवलेला काय वाईट? दर गुरुवारी मी लोकांना अर्धा तास गुंगवलं. तो आनंद त्यांच्या पदरात पडला, पचलासुद्धा. एक भाग फसला म्हणून आधीचे कुणी परत करायला येत नाही. चार दिवस कुरकुर होईल आणि मग लोक विसरतील. लोक विसरतात, हे मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

शिवाय मी थकलोय. केंद्रप्रमुखांची माफी माग आणि त्यांना हवा तो आवाज काढून दे. नोकरी सांभाळ. ताईला नमस्कार. रागावलीस तरी पत्र धाड, तेवढाच लोभ पुरे.
तुझा,
मामा


१२ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि. माफी मागितलेली नाही, हे पहिल्याच ओळीत सांगते.

परत करायला येतात मामा. केंद्रासमोरचा न्हावी तुम्हाला आठवत असेल, गुरुवारी साडेसहाला गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर थांबवून रेडिओ लावतो तो. त्याला मी काही फोडलं नाही, नुसतं विचारलं की समजा शेवटी बंधारा फुटला आणि सगळेच गेले, तर? त्याने वस्तरा खाली ठेवला. मग म्हणाला, तसं असेल तर ती पोर इतकी वर्षं विचारत होती ते कशाला? आणि आम्ही तरी ऐकत होतो ते कशाला? बघा, त्याने शेवटच्या भागाला नावं ठेवली नाहीत. तो मागे मागे जात पहिल्या भागापर्यंत पोचला.

आई मफलरचं शेवटचं टोक बांधत होती तेव्हा मला हे नीट कळलं. ते टोक नीट बांधलं नाही, तर उसवतं ते नुसतं टोक नसतं, गळ्यापर्यंतचं सगळं विणकाम उसवत येतं. चांगलं विणलं असेल तर जीव जास्तच हळहळतो. फडतूस गोष्ट फडतूस संपली तर कुणाला काय. तुमची गोष्ट चांगली आहे, म्हणून हे सगळं. दर गुरुवारी तुम्ही लोकांना म्हणत होतात, थांबा, कळेल. लोक तुमच्या शब्दावर थांबले. थकवा मला कळतो. पण थकलेल्या माणसाने बसावं, विश्रांती घ्यावी. बंधारा फोडू नये.

गेले आठ दिवस काम संपलं की मी कोठीत बसून जुन्या संहिता वाचतेय. धुळीने डोळे लाल झालेत, आईला वाटतं मी रडते. भोंग्याबद्दल तुम्ही आधी इंजिनियरवर संशय घेतलात, मग तारचोरावर, मग गंजलेल्या बटणावर, मग दारुड्या मदतनीसावर. प्रत्येकाला सहा-सहा महिने नाचवलंत आणि गुपचूप सोडून दिलंत.

म्हणून सरळ विचारते. भोंगा का वाजला नाही, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?

उत्तर खरं द्या. लोभ कमी झाला तरी चालेल.
भिंगरी


१६ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आज थट्टा सुचत नाही.

नाही. मला माहीत नाही.

पहिला भाग लिहिला तेव्हा मालिका सहा आठवड्यांचीच होती. भोंगा वाजला नाही, हे वाक्य मी ऐनवेळी घातलं, लोकांनी पुढच्या गुरुवारी यावं म्हणून. उत्तर सुचेल ओघात, असं वाटलं. सहा आठवड्यांचे सहा महिने झाले, पुढे वर्षं झाली. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे आणि मी गूढ हसायचो. त्या हसण्यामागे काही नव्हतं गं. उत्तर मी शोधत नव्हतोच, टोलवत होतो. बंधारा का फोडला ते तुला कळलंच असेल. त्या मुलीसमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही.

तुझं पत्र आल्यापासून दहा पानं लिहिली, दहाही फाडली. गोष्ट माझी आणि मलाच तिच्यात शिरायला दार सापडत नाही. तू सगळे भाग ताजे वाचलेयस. तुला काही दिसतं का? मामा भाचीला विचारतोय, हे ताईला कळू देऊ नकोस.

लोभ कमी केला नाहीस, हे अक्षरावरून कळलं.
मामा


२० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि. दार सापडलं. मला नव्हे, आवाजकाकांना.

अकरा वर्षं मालिकेत रखवालदाराचा आवाज तेच देतायत. पण भोंग्याचं त्यांना काय वाटतं, हे कधी कुणी त्यांना विचारलेलं नाही. तुम्ही नाही, मी नाही. दिवसा ते चष्म्याच्या दुकानात बसतात. काल तिथे गेले. ते कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू बसवत होते. मी विचारलं, काका, भोंगा का वाजला नसेल? मान वर न करता त्यांनी सांगितलं, ते तसंच लिहिते:

"मी वाजवला नाही म्हणून. घाबरलो होतो. दरवाजे उघडले, पाणी अंगावर आल्यासारखं वाटलं आणि भोंग्याकडे न जाता मी घराकडे पळालो. पहिल्या दिवसापासून मी हेच लपवून बोलतोय. तुझ्या मामांना ठाऊक नव्हतं होय?"

मग केंद्रावर येऊन मी जुन्या टेपा लावल्या. मामा, भोंगा हा शब्द आला की प्रत्येक वेळी ते आधी किंचित श्वास घेतात. मुलगी आभार मानते तेव्हा ते काहीच बोलत नाहीत, नुसता चहाचा कप उचलल्याचा आवाज येतो. तिथे तुम्ही त्याच्या तोंडी वाक्य लिहिलं होतंत, त्याऐवजी हे मौन त्यांनी स्वतः घातलं. आम्हाला वाटायचं, म्हातारा वाक्य विसरला.

इंजिनियर नको, चोर नको. चांगला माणूस दोन मिनिटं घाबरला आणि मग ती मुलगी हातची जाईल या भीतीने अकरा वर्षं गप्प बसला. तो तिला एवढं जपतो का, तेही यातूनच कळतं. आधीच्या भागांतला एक शब्द बदलावा लागत नाही.

आता एवढंच लिहा. एक खोली, दोन माणसं. पूर नको, वादळ नको, कुणाला मारू नका. लिखाण अठ्ठावीसपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. तुम्ही लिहाल यात मला शंका नाही, म्हणून शुभेच्छा देत नाही. फक्त लोभ.
भिंगरी


२५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. सोबत लिखाण. रजिस्टर केलंय.

तीनदा पळवाट काढली, तीनदा स्वतःच पकडला गेलो. पहिल्या खर्ड्यात रखवालदार कबुली देता देता मरतो. दुसऱ्यात मुलगी लगेच गळ्यात पडते. तिसऱ्यात तो चिठ्ठी लिहून निघून जातो. तिन्ही वेळा ऐकताना कळलं. ऐकताना म्हणजे, मला मोठ्याने वाचता येत नाही, म्हणून शिंपीकाकांनी रखवालदार वाचला आणि सिस्टरने मुलगी. गोळ्यांचा ट्रे बाजूला ठेवून ती वाचायला बसते, हे डॉक्टरांना माहीत नाही.

चौथ्यात तो तिच्यासमोर बसतो आणि सांगतो. ती एवढंच विचारते की भोंगा किती पावलांवर होता. तो म्हणतो, वीस. मग ती उठते. भिंतीवरच्या बंधाऱ्याच्या किल्ल्या काढून घेते आणि सांगते की उद्यापासून बंधाऱ्यावर मी बसेन, तुम्ही घरी थांबा. माफ करते का? मी तिला विचारून पाहिलं. ती अजून ठरवतेय. मी जबरदस्ती केली नाही.

शिंपीकाका वाचताना वीस या शब्दाशी अडकले. पाणी प्यायले आणि मग पुढे गेले.

मेमोचं काय झालं ते कळव. लोभ धर.
मामा


६ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल भिंगरीला धीर नाही.

केंद्रप्रमुखांनी लिखाण उभ्यानेच वाचायला घेतलं आणि संपेपर्यंत खुर्ची ओढली नाही. रेकॉर्डिंग ठरल्या दिवशीच, एवढंच म्हणाले. मेमो परत घेतला नाही, पण फाइललाही लावलेला नाही. टेबलावर पेपरवेटखाली आहे. मला चालेल. माझ्या वाट्याला फक्त किल्ल्या आल्या. सात वर्षांत इतकं थोडं कधी वाजवलं नव्हतं. आवाजकाकांनी एका दमात भाग केला. या वेळी भोंगा म्हणताना आधी श्वास घेतला नाही.

गुरुवारी भाग संपला आणि दहा मिनिटं फोन वाजलाच नाही. मग वाजायला लागला तो कचेरी बंद होईपर्यंत. आजपर्यंत एकशे साठ पत्रं आलीत आणि निम्मी चिडलेली आहेत. त्या म्हाताऱ्याने असं करावंच कसं? पोरीने त्याचं तोंड बघू नये. वीस पावलं चालवली नाहीत का त्याला? न्हाव्याने दोन दिवस रेडिओला हात लावला नाही. चष्म्याच्या दुकानात एका बाईंनी, तुम्हीच ना ते, असं विचारत आवाजकाकांना नीट बघून घेतलं आणि काही न घेता त्या निघून गेल्या. काका त्या दिवसापासून खुशीत आहेत.

लोक रागावलेत मामा. पण रखवालदारावर. तुमच्यावर एकजणही नाही.

आणि बावीस जणांनी एकच मागणी केलीय. आता सगळं कळलंय, तर मालिका पहिल्या भागापासून पुन्हा लावा, पुन्हा ऐकायचीय. केंद्रप्रमुखांनी होकार दिलाय. येत्या गुरुवारपासून सुरू.

आईला मेमोचं कळलं. ती म्हणाली, मामावर गेलीय. हा आशीर्वाद की तक्रार, ते तुम्हीच ठरवा. लोभ आता पहिल्यापासून करावा.
भिंगरी


१० एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. सगळे तुलाच, या वेळी काही राखून ठेवलेले नाहीत.

इथे भाग लागला तेव्हा सगळा वॉर्ड रेडिओभोवती होता. दुसऱ्या सकाळपासून सिस्टर शिंपीकाकांना गोळ्या नुसत्या ठेवून जाते, बोलत नाही. ते बिचारे माझ्याकडे तक्रार करतात की मी फक्त वाचलं हो, केलं नाही. मी पाटीवर लिहून दिलं की लेखकही असंच म्हणतो, पण त्याचं कुणी ऐकत नाही.

तू म्हणालीस ते खरं होतं. लोक विसरतात, हे मी स्वतःच्या सोयीसाठी म्हणत होतो.

काल गुरुवार होता. साडेसहाला पहिला भाग लागला. सगळ्यात पुढे खुर्ची घेऊन मी बसलो. पूर आला, दरवाजे उघडले, रखवालदार धापा टाकत घरात शिरला आणि दार लावून उभा राहिला. ते मीच लिहिलेलं, अकरा वर्षांपूर्वी. तो कशाला घाबरलाय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. काल माहीत होतं.

पुढचा गुरुवार सहा दिवसांवर आहे आणि मला धीर निघत नाहीये. ताईला सांग, भाची माझ्यावर गेली असेल तर मी सुटलो. लोभ आहे ना, हे आता विचारत नाही.
तुझा,
मामा