तुझा उपदेश बंद झाला ते वर्ष

आई, तू गेलीस, आता रविवारी चर्चच्या मंडळीत तुझ्याबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगितलंय. तेव्हापासून उमरखेडच्या या घरात मी नुसती फिरते आहे. कपडे वाळत घालायला घेते, अर्ध्यात सोडते. चहा ठेवते, विसरते. लोक म्हणतात, तुमची आई म्हणजे देवमाणूस. ते ऐकलं की मला बसवत नाही. देवमाणसाचे पाय दुखत नसतील. तुझे दुखायचे. स्वयंपाकघरात पाटावर बसून तू ते चेपायचीस, आणि मी आत आले की साडीखाली ओढून घ्यायचीस.

बाबा गेल्यावर मंडळीला दुसरा पाळक मिळेना, म्हणून उपासना तू चालवायला लागलीस. आठवडाभर लोकांच्या घरच्या आजाऱ्यांचं करायचं आणि रविवारी उपदेश. त्यात मोठे शब्द नसायचे. शास्त्र वाचून झालं की कोणाच्या घरी काय पाहिलं, ते नाव न घेता सांगायचीस. त्याच सुमारास बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक म्हातारी अंथरुणाला खिळली. ती आपल्या मंडळीतली नव्हती. सुना कापूस वेचायला गेल्या की तू जाऊन तिच्या पाठीच्या जखमा धुऊन यायचीस. ती गेली तेव्हा तिच्या मुलांनी तुला बोलावलं, तुमच्या देवाजवळ आमच्या याडीसाठी, आईसाठी, दोन शब्द बोला म्हणाले. त्यांच्या सगळ्या रीती होईपर्यंत तू बाजूला थांबलीस आणि मग हळू आवाजात आपल्या आईसाठी करावी तशी प्रार्थना केलीस.

मंडळीतले एक कारभारी होते, त्यांना हे खपलं नाही. आपल्या घरी येऊन ते म्हणाले, उद्या लोक आपल्याकडे बोट दाखवतील. आणि बाईमाणसानं उपदेश करणं तर त्यांना पहिल्यापासूनच पटलं नव्हतं. तू त्यांना चहा दिलास. पुढच्या रविवारी त्यांनी उपदेशाला बाहेरून पाळक आणला. तू मागच्या सतरंजीवर, बायकांची लेकरं सांभाळत बसली आहेस. मी वळून पाहते, तू समोर पाहतेस. तुझे ओठ हलताहेत, जणू तुझा उपदेश आतल्या आत चाललाय.

उन्हाळ्यात त्याच कारभाऱ्यांना लकवा झाला. त्यांची सून तुला बोलवायला आपल्या दारात आली. तू चुलीवरची भाजी उतरवलीस, पदर खोचलास. मी वाट अडवून दारात उभी राहिले.

"तू कायले जातं त्याच्या घरी?"

"मले बोलावलं."

"तुह्यं बोलणं बंद केलं त्यानं."

तू चपला घालत होतीस. "केलं ना. मले राग नाही आला, असं वाटते काय तुले? रोज येते. पण त्याची पाठ तं धुवा लागते ना, माय."

वर्षभर तू त्यांचं केलंस. जिभेला थोडं वळण आलं तेव्हा त्यांनी मंडळीतल्या माणसांना खाटेजवळ बोलावून सांगितलं, माझ्या मातीला प्रार्थना हिनंच करावी. ते गेल्यावर तू ती केलीस, आणि त्यानंतर उपदेशालाही पुन्हा तूच उभी राहिलीस. कोणी तुझी क्षमा मागितली नाही. लोकांना ही गोष्ट फार आवडते. रविवारी हीच सांग म्हणतात.

पण मी शाळेतून यायची तेव्हा घरात झाकलेलं ताट असायचं आणि तू नसायचीस, हे त्या गोष्टीत कुठे बसवू? पुढे तू स्वतः अंथरुणावर पडलीस, तेव्हा कोणाला हात लावू दिला नाहीस. मलाही फक्त वेणी घालू दिलीस. तुझी पाठ मला धुवायची होती, आई. नको का म्हणालीस?

हे तुला पाठवता आलं असतं, तर पुढचं लिहायचं धाडस झालं नसतं. एकदा त्या कारभाऱ्यांच्या खिडकीतून मी आत पाहिलं होतं. त्यांचा लुळा हात मांडीवर घेऊन तू तेल चोळत होतीस, अगदी सावकाश, कुठेच जायचं नसल्यासारखी. मला वाटलं होतं, आपल्यालाही लकवा व्हावा.