अन्नमंत्र्यांचं गळकं पातेलं

सोमवार, ३ जून
आजपासून एक शब्दही मागे घेणार नाही. शेवटी आपण टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाचे मुख्य लेखक आहोत. (एकमेव, पण मुख्य.) शुक्रवारचं स्किट तयार. अन्नमंत्री वाढायचा डाव घेऊन बसतात, रांगेतल्यांना सांगतात पातेलं गळकं आहे, आणि पाठ फिरवून सगळं स्वतःच फस्त करतात. वाचून माझाच मला धाक वाटला.

बायको म्हणाली, नोकरी सांभाळून लिहा. तिला सांगितलं, इतिहास घडवणाऱ्यानं भाजी निवडत बसू नये. निवडावी लागली.

मंगळवार, ४ जून. दुपार.
निर्मात्या बाईंना फोन. खऱ्या अन्नमंत्र्यांच्या ऑफिसातून! शुक्रवारी साहेब सहकुटुंब रेकॉर्डिंगला येणार. पहिली रांग. बाईंनी विचारलं, आता? मी म्हणालो, येऊ देत! आवाज जरा चिरकला. एसी फार असतो तिथे.

जिन्यानं उतरलो. जिन्यात कोणीच नव्हतं. संशयास्पद.

बुधवार, ५ जून
'अन्नमंत्री' काढून 'एक मोठा माणूस' केलं. ही माघार नव्हे, सूचकता. आमचा मुख्य नट ढेरपोट्या, दर आठवड्याला अन्नमंत्री होणारा माझा जुना दोस्त, विचारतो, मग पातेलं कुणाचं? म्हटलं, प्रेक्षक सुज्ञ असतात.

घरासमोर पांढरी गाडी. दिवे घालवून पडद्याआड बसलो. शेजाऱ्यांचा जावई निघाला.

गुरुवार, ६ जून
मोठा माणूस काढला. पातेलंही. आता दोन भोपळे हवापाण्यावर बोलतात. इतकं खोल मी आजवर लिहिलं नव्हतं. छातीत धडधडतंय, ते प्रतिभेमुळे. बॅग भरून ठेवली. दोन शर्ट, टूथब्रश.

ढेरपोट्याचा फोन. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो सकाळपासून उपाशी राहतो, म्हणजे हावरटपणा खरा दिसतो. उद्या राहू का, म्हणाला. म्हटलं, भोपळ्याला कसली भूक? त्यानं विचारलं, घाबरलास का रे? मी फोन ठेवला.

घाबरलोय. पण हे फक्त इथे.

शुक्रवार, ७ जून. रेकॉर्डिंगनंतर.
साहेब एकदाही हसले नाहीत. इतरही कोणी नाही. म्हणजे जिंकलो! बोट ठेवायला जागाच सोडली नाही. कार्यक्रम वाचवला, एकट्यानं.

साहेबांच्या मातोश्री मोठ्यांदा विचारत होत्या, आपला बाळ कधी येणार? वय झालंय बिचाऱ्यांचं.

सोमवार, १० जून
कार्यक्रम बंद.

बाई म्हणाल्या, साहेब भयंकर चिडलेत. दर आठवड्याला घरचे सगळे मिळून त्यांची नक्कल बघतात. मातोश्रींना ती समोरून दाखवायला आणलं होतं. निवडणूक तोंडावर आणि नेमकं आपल्यालाच वगळलं, म्हणजे लेखक विरोधकांना फितूर, असं साहेबांचं म्हणणं. त्यांच्या जाहिराती गेल्या, मग चॅनेलनं हात झटकले.

ढेरपोट्या भेटला. नजर चुकवत होता. साहेबांनी त्याला बोलावलं होतं. त्यानं सोमवारचं मूळ स्किट करून दाखवलं, पातेल्यासकट. साहेब हसून हसून डोळे पुसत होते म्हणे. आता प्रचारसभांत तेच करायचंय. लेखक कोण, असंही विचारलं. ढेरपोट्यानं माझं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, तो भोपळेवाला? तो नको.

संध्याकाळ.
बॅग रिकामी केली. उद्यापासून एक शब्दही मागे घेणार नाही. बायकोनं विचारलं, कुणाला देणार तो शब्द?

भाजी निवडायला घेतली.